नाटक रुळेपर्यंत थांबू नका

आपण विचारले आहे की, एका छोट्या, ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या रंगमंचावर नव्या प्रायोगिक नाटकाचा पहिला प्रयोग लागला आहे. तर त्यालाच जावे, की चार-सहा प्रयोगांत नाटक रुळल्यावर, कोणी काही लिहिल्यावर जावे, आणि ते आपल्याला कळेल की नाही हे आधी कसे ओळखावे. पहिल्याच प्रयोगाला जा. ‘रुळल्यावर पाहू’ हे माझ्या थोरल्या भावाचे वाक्य आहे आणि त्यावरून आमचा वाद २०१९ पासून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बँकेतली नोकरी सांभाळून मी पुण्यात बरीच वर्षे प्रायोगिक नाटकांत कामे केली. त्या वर्षी आम्ही एक दीर्घांक, म्हणजे एकाच अंकाचे मोठे नाटक, बसवला होता. पेठेतला एक वाडा पुनर्विकासासाठी पाडला जाणार आहे आणि आदल्या रात्री भाडेकरू आपापल्या खोल्या फितीने मोजत आहेत, एवढीच त्याची गोष्ट. खेळण्याची जागा मधोमध आणि प्रेक्षक चारही बाजूंना, अशी मांडणी होती. मी सर्वांत जुन्या भाडेकरूचे काम करीत होतो. माझा मुख्य प्रवेश नऊ मिनिटांचा होता आणि त्यात संवाद असा नव्हताच. ट्रंकेतून भाडेपावत्या काढायच्या आणि महिना, वर्ष व रक्कम तेवढी वाचत जायचे. १९६४ मधल्या सात महिन्यांच्या पावत्या त्या गठ्ठ्यात नाहीत. त्या का नाहीत हे तो म्हातारा सांगत नाही, क्षणभर थांबतो आणि पुढची पावती उचलतो.

त्या पावत्या नाटकासाठी छापून घेतलेल्या नव्हत्या. त्या आमच्या वडिलांच्या होत्या. दादाने त्या इतकी वर्षे जपून ठेवल्या होत्या आणि मी मागताच वर्षवार लावून, सुतळीने बांधून दिल्या. सात महिन्यांची ती फटही खरी होती. तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. दादा सात वर्षांचा होता, त्यामुळे घरात त्या काळात काय घडले हे कोणाला आठवत असेल तर त्यालाच. पहिल्या प्रयोगाला मात्र तो आला नाही. पहिला प्रयोग म्हणजे तुमची शेवटची तालीमच, लोकांनी पैसे देऊन तुमची तालीम का पाहावी, असे त्याचे म्हणणे.

त्या रात्री ९० खुर्च्यांपैकी ६४ भरल्या होत्या. पावत्या वाचायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या वाजू लागल्या, कोणी खोकले, आणि समोरच्या रांगेतल्या बाई माझ्यापासून दोन हातांवर असूनही दुसरीकडे पाहू लागल्या. तालमीत दिग्दर्शकाने बजावले होते की काहीही झाले तरी वेग वाढवायचा नाही, म्हणून मी त्याच लयीत वाचत राहिलो. ‘ऑगस्ट १९६१, बारा रुपये’ असे मी वाचले आणि डाव्या बाजूने एक वृद्ध गृहस्थ अगदी सहज, शेजाऱ्याशी बोलावे तसे म्हणाले, “आमचे साडेनऊ होते.” कोणी हसले नाही. त्यानंतरची पाच मिनिटे तिथे जी शांतता होती, तशी शांतता मी रंगमंचावर पुन्हा अनुभवली नाही. १९६४ ची फट आली तेव्हा त्या बाईंनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिले, आणि काहीतरी राहिले आहे हे त्यांना कळले आहे, हे मला दिसले.

दुसऱ्या प्रयोगाआधी दिग्दर्शकाने तो प्रवेश काढून टाकला. त्याचे कारण असे की, पावत्या ऐकल्यावर प्रेक्षक आपापल्या जुन्या घरांत गेले आणि नाटकातल्या वाड्यात परत यायला त्यांना फार वेळ लागला. पुढचा बहीण-भावाचा प्रवेश, ज्यावर सगळे नाटक उभे होते, कोरडा गेला. तो निर्णय योग्य होता असे मला आज वाटते, त्या रात्री वाटले नव्हते. नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळालेल्या संहितेत तो प्रवेश अजूनही आहे. प्रयोगात तो एकदाच झाला.

दादा चौथ्या प्रयोगाला आला. नाटक चांगले बांधले आहे, पण तुझे काम फारसे नाही, असे म्हणाला, आणि पावत्यांचे काय झाले असे विचारले. त्याला मी तेव्हा जे नीट सांगू शकलो नाही, ते आपल्याला सांगतो. प्रायोगिक नाटकाचा पहिला प्रयोग ही कच्ची तालीम नसते. लेखक-दिग्दर्शकाने जे मनात धरले होते ते लोकांच्या भीतीने कापले जाण्याआधी तिथे पुरते मांडलेले असते, आणि ते पेलते की नाही हे समोर बसलेली माणसेच ठरवतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिच्यामागे असा समोर येऊन बसणारा प्रेक्षक होता. नंतर पाहू म्हणणाऱ्याला नाटक मिळेलच, याचीही खात्री नसते. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला, थोड्याच प्रयोगांनंतर मूळ संस्थेने ते थांबवले आणि नव्याने स्थापन झालेल्या थिएटर अ‍ॅकॅडमीने ते १९७४ मध्ये पुन्हा उभे केले. त्या नाटकाला पुढे देशोदेशी प्रयोग मिळाले. आमच्या नाटकाचे एकूण अकरा झाले.

नाटक कळेल का, हे आधी ओळखता येत नाही, आणि ओळखण्याचा प्रयत्नही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या बाईंना पहिली तीन मिनिटे काहीच कळले नव्हते.

काही गोष्टी मात्र आधीच सांगायला हव्या होत्या. हे सारे छोट्या रंगमंचापुरते खरे आहे. व्यावसायिक नाटकाचे शेकडो प्रयोग होतात, तिथे आपण खुशाल थांबावे. पहिल्या प्रयोगात वाक्ये पडतात, प्रकाश चुकतो, लांबीही जास्त असते. आपल्याला वर्षातून एकच नाटक पाहणे शक्य असेल, तर तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला जाण्यात काही चूक नाही. असे नाटक सहसा मध्यंतराशिवाय असते आणि आत जाण्याची वाट अनेकदा खेळण्याच्या जागेलगत असते, म्हणून तिसऱ्या घंटेच्या बऱ्याच आधी पोहोचा. ओळखीच्या कलावंताकडे फुकट प्रवेशिका मागू नका, कारण तिकिटांच्या पैशांतूनच सभागृहाचे आणि दिव्यांचे भाडे भागते.

प्रयोगानंतर मंडळी बाहेर उभी असतील, तर त्यांना नुसते ‘छान’ म्हणून जाऊ नका. आपले लक्ष कुठे उडाले आणि कुठे परत आले, ते सांगा. कोणती पावती आठवली असेल तर तीही सांगा. आमच्या पहिल्या प्रयोगानंतर त्या वृद्ध गृहस्थांनी अंगणात उभे राहून अर्धा तास त्यांच्या साडेनऊ रुपयांच्या खोलीविषयी सांगितले. दादाला मी १९६४ बद्दल त्यानंतर दोनदा विचारले आहे.