पोटावरचे बिंदू आणि न प्यायलेलं पाणी

"मॅडम, ह्यांना चार-चार दिवस होत नाही. मोबाईलवर दाखवतात ते चिनी बिंदू दाबले तर पोट मोकळं होईल का हो?"

अर्धांगवायू झालेल्यांच्या घरून हा प्रश्न मला सारखा येतो. या काकूंनी तर उत्तराची वाट न बघता सुरुवातही केली होती. काकांचा सदरा वर केला, तर बेंबीच्या दोन्ही बाजूंना काळेनिळे डाग. रक्त पातळ करणारी गोळी चालू, उजव्या अंगाची संवेदना कमी आणि वाचा गेलेली. दुखतंय हे ते सांगणार कसं?

मी रागावले नाही. तासभर नवऱ्याचं पोट चोळणाऱ्या बाईला काय रागवायचं! जे माहीत होतं ते सांगितलं. बेंबीपासून आडवं, रुग्णाच्याच दोन अंगठ्यांच्या रुंदीवर तिआनशू. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला झुसानली. बद्धकोष्ठतेवर हेच बिंदू जास्त वापरतात. बद्धकोष्ठतेच्या १०७५ रुग्णांना बिंदूंवर सुया टोचून केलेली चीनमधली एक मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांचं पोट आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा आपसूक, पूर्ण साफ झालं; नुसत्या वरवर सुया टोचलेल्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. पण त्या सौम्य वीज सोडलेल्या सुया होत्या, बोटं नव्हेत, आणि ते रुग्ण अर्धांगवायूचे नव्हते. अर्धांगवायूनंतरच्या मसाजवरचं संशोधन बहुतेक चीनमधलं, लहान गटांवरचं. त्यात मसाजसोबत औषधं, व्यायाम, कानावरचे बिंदू दाबायला चिकटवायच्या बियाही असतात. गुण नेमका कशाचा, हे वेगळं काढणं अवघड जातं. थोडा उपयोग होत असावा, पण भिस्त त्यावर ठेवू नये, असं माझं मत.

मग मी पाण्याचं विचारलं. "पितच नाहीत. तांब्या पुढे केला की तोंड फिरवतात. संध्याकाळी मुलगा आला की मात्र पितात."

मी काकांच्या जवळ बसले. "दिवसा सूनबाईंना लघवीचं भांडं द्यावं लागतं, म्हणून पीत नाही का?" त्यांनी डाव्या हाताने डोळे झाकले. काकू किती तरी वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर घरात बदल झाले. खाटेशेजारी खुर्चीचा कमोड आला, आडोशाला जुनी साडी बांधली. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडी आपोआप हलतात. त्या वेळी मुलगा त्यांना बसवू लागला, पायाखाली पाट देऊन. गोळ्यांपैकी कुठली पोट बांधते, हे डॉक्टरांनी तपासलं. गिळायला त्रास असल्यामुळे इसबगोल परस्पर देऊ नका, हे मी बजावलं होतं.

मसाज बंद केला नाही. जेवणानंतर दोन तासांनी, दहा मिनिटं, हलक्या तळहाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पाय सुजला, गरम लागला तर त्याला हात लावायचा नाही. पोट फुगलं, उलटी झाली, वारा सरेना किंवा रक्त दिसलं, तर थेट दवाखाना. चार दिवस काही नाही आणि मग नुसतं पाणी झिरपलं, तर ते जुलाब समजून औषध देऊ नका. आत शौचाचा कडक खडा अडकलेला असू शकतो.

तीन आठवड्यांनी काकू म्हणाल्या, दिवसाआड होतं आता. काका शेजारीच होते. त्यांनी डावा हात तांब्याकडे नेला आणि सुनेकडे बघितलं.