वाचकांचे प्रश्न : शाफ्टची मजुरी एवढी का?

प्रश्न : आमच्या लहान कारखान्यात भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे तयार होतात. त्यांच्या मुख्य शाफ्टचे ड्रॉइंग आम्ही दोन वर्कशॉपना दिले. मटेरियल आमचेच असूनही पाच नगांसाठी प्रत्येकी जी मजुरी सांगितली गेली, ती शंभर नगांच्या दराच्या अडीचपटीहून अधिक आहे. शिवाय दोघांच्या दरांतही मोठा फरक आहे. ही मजुरी कशी ठरते आणि ती कमी कशी करता येईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण सोबत पाठविलेले ड्रॉइंग मी काळजीपूर्वक पाहिले. नगसंख्येचा हिशेब सरळ आहे. समजा, मशीनचा दर तासाला ६०० रुपये आहे, सर्व कामांच्या सेटिंगला (काम सुरू करण्याआधी मशीन जुळवून घेण्याला) मिळून पाच तास लागतात आणि प्रत्यक्ष कामाला नगामागे अर्धा तास लागतो. सेटिंगचे ३,००० रुपये पाच नगांवर वाटले तर प्रत्येकी ६०० रुपये पडतात, शंभर नगांवर ३०. म्हणजे मजुरी एकीकडे ९०० आणि दुसरीकडे ३३० होते. यात कोणी आपल्याला फसवत नाही, हे मी आवर्जून सांगतो.

खरा खर्च आपल्या ड्रॉइंगमध्येच आहे. त्यात प्रत्येक मापाला सरसकट ±०.०२ मि.मी. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिला आहे, ७०० मि.मी. एकूण लांबीलासुद्धा. एवढ्या लांबीचे पोलाद तापमानात एका अंशाचा फरक पडला तरी सुमारे ८ मायक्रॉन (मि.मी.चा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते. म्हणजे सकाळी मोजलेला शाफ्ट दुपारी पाच अंश अधिक तापला की आपली ४० मायक्रॉनची सगळी मुभा तेवढ्यातच संपते. त्या लांबीवर ±०.५ दिले असते तरी आपल्या यंत्राचे काहीच अडले नसते.

याउलट, ३० मि.मी. व्यासाच्या ज्या दोन जागांवर बेअरिंग दाबून बसतात, तेथे ±०.०२ ही सवलत फार मोठी आहे. तेथे के६ सारखा (शाफ्टच्या मापाचा एक प्रमाणित वर्ग) फिट हवा, म्हणजे व्यास मूळ मापापेक्षा २ ते १५ मायक्रॉन जास्त. ही १३ मायक्रॉनची मुभा पाळायची तर बहुधा ग्राइंडिंग (फिरत्या चाकाने घासून नेमके माप आणणे) करावे लागते, आणि नुकताच टर्निंग (लेथवर कापणे) झालेला तुकडा २० अंशांनी गरम असताना मायक्रोमीटर लावला तर व्यास ७ मायक्रॉन मोठा दिसतो, म्हणून निवण्यासाठी थांबावेही लागते. येथे पैसे जरूर खर्च करा. ग्राइंडिंगचे चाक खांद्यापर्यंत, म्हणजे व्यास जेथे एकदम वाढतो त्या पायरीपर्यंत, जावे यासाठी कोपऱ्यात लहानसा अंडरकट (खाच) मात्र ड्रॉइंगमध्ये दाखवा. दोन दरांतील तफावतीचे एक कारणही येथेच असू शकते: ज्याच्याकडे ग्राइंडिंग मशीन नसते, तो ते काम बाहेरून करून आणतो आणि ने-आण व दुसऱ्याचा नफा दरात धरतो.

दुसरी गोष्ट कॉलरची, म्हणजे शाफ्टवरच्या जाड कड्याची. आपला शाफ्ट ३५ मि.मी.चा, पण एका १५ मि.मी. रुंद कॉलरसाठी आपण ५० मि.मी.चा बार देत आहात. मि.मी.मधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की गोल बारचे मीटरमागे वजन किलोत मिळते. त्या हिशेबाने ७०० मि.मी.चा तुकडा १०.८ किलोंचा होतो आणि त्यातले पाच किलोंहून अधिक पोलाद चिप्स होऊन भंगारात जाते. ते विकत घेण्याचा खर्च आपला आणि कापण्याची मजुरीही आपलीच. ३५ मि.मी.चा ब्राइट बार (आधीच नेमक्या व्यासाचा, गुळगुळीत केलेला बार) घेऊन त्यावर वेगळी कॉलर बसवली तर बहुतेक टर्निंगच वाचेल. फक्त कॉलरवर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने भार किती येतो ते आधी तपासा.

कीवेची (शाफ्टमध्ये चावी, म्हणजे पुली वगैरे घट्ट धरणारी पट्टी, बसवण्याच्या खाचेची) टोके आपण चौकोनी दाखविली आहेत. एंडमिलने (फिरत्या दांड्यासारख्या कटरने) ती गोलच निघतात. चौकोनी करायची तर हाताने कोरावी लागतात. गोल टोकांची चावी बाजारात सहज मिळते, तीच वापरा.

ड्रॉइंग असे सुधारून दोन्ही वर्कशॉपकडून ५, २५ आणि १०० नगांचे वेगवेगळे दर मागवा, आणि शाफ्ट कोणत्या यंत्रात, किती फेऱ्यांनी फिरणार आहे तेही लिहून द्या. लेथवर रोज उभा राहणारा कारागीर त्यावरून आणखी एखादे अनावश्यक काम आपल्याला दाखवून देऊ शकेल.