कोमट म्हणजे किती?

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सहून एका नवऱ्याचं पत्र आलंय. बायकोला स्तनाचा कर्करोग, येत्या गुरुवारी पहिली केमो, मग दर तीन आठवड्यांनी. 'तिच्याशी काय बोलावं सुचत नाही, नुसता शेजारी बसून राहतो,' असं लिहिलंय तुम्ही. बसा की. तिला ते पुरतं. माझं लक्ष अडकलं ते पार शेवटी, जाताजाता लिहिलेल्या या ओळींत:

'आम्ही दोघंही ऊठसूट डॉक्टरांना त्रास देणाऱ्यातले नाही. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम पुण्याहून भरपूर आणून ठेवलंय. रात्रीबेरात्री कणकण आली तर घरच्या घरी निभावेल.'

अहो, नाही निभावणार! तो औषधांचा डबा मला माहितीये. आमच्याकडे तो बटर कुकीजच्या निळ्या डब्यात असायचा, आणि इकडच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, अपॉइंटमेंटला कंटाळलेल्या आपल्या सगळ्यांचा त्याच्यावर फार जीव. एरवी असू दे. केमो चालू असताना तो माळ्यावर टाका.

केमोमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यात कमी असतात, आणि नेमकं तेव्हा माणूस जरा सावरलेला दिसतो. अशा वेळी ३८ अंश म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप हा 'बारीक ताप' नसतो. नर्सेस त्याला न्यूट्रोपेनिक सेप्सिसचा, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी असताना झालेल्या जीवघेण्या जंतुसंसर्गाचा, संशय म्हणतात आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायला धावतात. क्रोसिनने आकडा उतरतो, जंतू तिथेच राहतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २०११ साली ह्यांना आतड्याचा कर्करोग झाला. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस, शनिवारची रात्र. 'थंडी वाजतेय गं,' म्हणाले. मी गोधडी घातली, कपाळाला हात लावला, थोडं कोमट लागलं. माझ्या आईला तळहातावर ताप कळायचा, मलाही कळतो अशी माझी समजूत. क्रोसिन दिली. तासाभरात घाम आला, झोप लागली, आणि मी स्वतःवर खूश. सकाळी बाथरूमच्या दारात त्यांचे पाय लटपटले. पुढचे नऊ दिवस हॉस्पिटलात. भरती करताना नर्सने विचारलं, ताप किती होता आणि किती वाजता? माझ्याकडे उत्तर होतं, 'कोमट.' केमो युनिटने दिलेलं कार्ड, त्यावर चोवीस तासांचा फोन नंबर, सगळं माझ्या पर्समध्येच होतं. रात्री अकरानंतर परक्याला फोन करायची भीड वाटली! चाळीशी उलटलेली बाई मी, तेव्हा वीस वर्षं या देशात काढलेली.

तेव्हा गुरुवारच्या आधी थर्मामीटर घ्या, जिभेखालचा किंवा कानातला. कपाळासमोर धरायच्या त्या बंदुकीवर माझा भरवसा नाही. रोज मोजा, आणि तिला जरा जरी वेगळं वाटलं की पुन्हा मोजा. गरम चहा पिऊन लगेच नको. आकडा आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. त्या कार्डावरचा नंबर दोघांच्या फोनमध्ये आणि फ्रिजवर, अंबाबाईच्या चुंबकाखाली नाहीतर जे असेल त्याखाली. कितीला फोन करायचा हे पहिल्याच दिवशी नर्सला विचारा, काही युनिट ३७.५ लाच करा म्हणतात. आणि फोनवर 'सॉरी टू बॉदर यू'ने सुरुवात करू नका. केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, ताप इतका, एवढंच बोला. जीपी उघडायची वाट बघायची नाही. हुडहुडी भरली, ती गळून गेल्यासारखी दिसली, तर ताप नसला तरी फोन करा. केमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे कधीकधी ताप दिसतच नाही. गोळी द्यायची झाली तर ते सांगतील तेव्हाच.

ती म्हणेल, 'काही नाही झालंय मला, झोपा तुम्ही.' आपल्या बायका असंच म्हणतात. हेही तेच म्हणाले होते. ऐकू नका.

बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात सांगते. ऑफिसला कळवा. २०१०च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टप्रमाणे निदान झाल्या दिवसापासून तिला नोकरीत संरक्षण आहे, आणि एप्रिल २०२४पासून तुम्हाला वर्षाला एक आठवडा केअरर्स लीव्ह, म्हणजे घरच्या आजारी माणसाची काळजी घ्यायला रजा, मिळते, बिनपगारी का होईना. इंग्लंडमध्ये कर्करोगाच्या पेशंटला प्रिस्क्रिप्शन फुकट आहे, जीपीकडून फॉर्म भरून घ्या. सासूबाई पाठवताहेत त्या हळदीच्या कॅप्सूल युनिटला विचारल्याशिवाय नकोत, आमटीतली हळद चालेल. आईला बोलावायचं तर जरूर बोलवा, पण येताना सर्दी-खोकला असेल तर त्यांना आधी चार दिवस मित्राकडे ठेवा. राग आला तर माझं नाव सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला 'कर्करोग' हाच शब्द वापरून सांगा. तिने तो दाराआडून आधीच ऐकलेला असणार.

आणि केस आधीच बारीक कापावेत की आपोआप गळू द्यावेत, हे मला काय विचारताय? तिला विचारा.