मॉरिशसच्या, जेमतेम तीनशे माणसांच्या अगालेगा बेटावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी का बांधली? तो लष्करी तळ आहे का?

आधी धावपट्टीच्या लांबीचं बघू, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

अगालेगा म्हणजे मॉरिशसची दोन चिमुकली बेटं, मुख्य बेटापासून उत्तरेला सुमारे १,१०० किमी. नारळाच्या बागा आणि खोबरं यांवर तिथली वस्ती जगत आली. जुनी धावपट्टी ८०० मीटरच्या आसपास होती आणि मॉरिशसच्या तटरक्षक दलाचं छोटं डॉर्नियर विमान तिच्यावर उतरायचं. मार्च २०१५ मध्ये मोदींच्या मॉरिशस भेटीत सामंजस्य करार झाला. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मोदी आणि तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी नवी धावपट्टी आणि सेंट जेम्स जेट्टी यांचं उद्घाटन केलं. पैसा भारताचा.

उपग्रहाच्या नकाशावर उत्तरेचं बेट मोठं करून बघा. नारळाच्या गर्द झाडीतून एक सरळ करडी रेघ गेलेली दिसेल, बेटाच्या मानाने अवाढव्य. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आठवण झाली ती भारतीय नौदलाच्या पी-८आय विमानाची. प्रवासी बोइंग ७३७ वरून बेतलेलं हे विमान पाणबुड्या शोधतं, आणि त्याला अशीच लांब धावपट्टी लागते. तळापासून साधारण २,२०० किमी जायचं, चार तास गस्त घालायची आणि परत यायचं, इतकी त्याची झेप. गोवा ते अगालेगा हे अंतर ३,४०० किमीच्या घरात आहे. म्हणजे गोव्याहून उडालेलं विमान त्या पाण्यावर गस्त घालून गोव्याला परतू शकत नाही. तेच अगालेगावर उतरून इंधन भरता आलं, तर मादागास्कर आणि आफ्रिकेमधली मोझांबिक सामुद्रधुनीसुद्धा नजरेच्या टप्प्यात येते. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून त्या भागाचं मोल आणखी वाढलं.

मग तळ आहे का? जगन्नाथांच्या सरकारने हे वेळोवेळी साफ नाकारलं. पण २०१५ च्या कराराची माहिती भारत सरकारने दिली तेव्हा त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या: बेटवासीयांची सोय आणि मॉरिशसच्या संरक्षण दलांची क्षमता वाढवणं. माझ्या मते ‘तळ’ या शब्दावर भांडत बसण्यात हशील नाही. धावपट्टीला लष्करी आणि नागरी विमान वेगळं कळत नाही. तिथे कोणाची विमानं कोणाच्या परवानगीने उतरणार, किती दिवस थांबणार, इंधनाच्या टाक्यांच्या किल्ल्या कोणाकडे, आणि सरकार बदललं तर काय, यावर सगळं ठरतं. हे करारात असतं, आणि नेमका तोच पूर्ण मजकूर लोकांसमोर आलेला नाही.

इथे मला आपल्याच लोकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीला दिलं, तेव्हा आपण अटी काय आहेत हे खोदून खोदून विचारलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे ‘युआन वांग ५’ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज आलं, तेव्हा आपल्याला चिंता वाटली आणि ती रास्त होती. तीच फूटपट्टी अगालेगाला लावायला आपण का कचरावं? हिंद महासागराच्या त्या कोपऱ्यात भारत असावा, असंच माझं मत आहे. पण लपवाछपवीने तो तिथे टिकणार नाही. सेशेल्सच्या अझम्पशन बेटाचं उदाहरण ताजं आहे. तिथे भारताने धावपट्टी आणि तटरक्षक सुविधा बांधाव्यात म्हणून २०१८ मध्ये सुधारित करार झाला, त्याचा मजकूर फुटला, लोक रस्त्यावर उतरले आणि सेशेल्सच्या संसदेने काही त्याला मंजुरी दिली नाही.

आपल्याला बेटावरून हुसकावतील ही अगालेगाच्या लोकांची भीती तर अनुभवातून आली आहे. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार माणसांना बोटीत घालून बाहेर काढलं, कारण त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला तळ हवा होता. त्यांची पाळीव कुत्रीसुद्धा मारून टाकली. आज तिथे साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे. मे २०२५ मध्ये चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या, तरी त्यातही दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडेच ठेवला आहे. हा इतिहास शेजारी असताना नारळाच्या बागेत अचानक शेकडो परके कामगार आणि यंत्रं उतरली, तर कोणाच्याही पोटात गोळा येईल.

धावपट्टीचा त्यांना उपयोग नाही असं मात्र मुळीच म्हणू नये. बाळंतपणासाठी बायकांना महिनोन् महिने आधी मुख्य बेटावर जाऊन राहावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये चिडो चक्रीवादळाने अगालेगाला झोडपलं. अशा वेळी मोठं विमान उतरण्याची सोय असणं हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

म्हणून यापुढे मी उपग्रहाच्या चित्रांपेक्षा दोन साध्या गोष्टींकडे बघणार आहे. सामान्य बेटवासीयाला तिकीट काढून बसता येईल असं नियमित विमान तिथे सुरू होतं का? आणि ज्या जमिनीवर त्यांची घरं आहेत ती आजही सरकारची आहे. तिचा सातबारा, किंवा तिथे त्याला जे काही म्हणत असतील ते, त्यांच्या नावावर होतो का?