समान वेतनाचा कायदा असूनही शेतात बाईची मजुरी कमी का?

समान वेतनाचा नियम, आधी १९७६च्या कायद्यातला आणि आता वेतन संहितेतला, काम तेच किंवा तशाच प्रकारचं असेल तरच कामी येतो. मेख तिथेच आहे, कारण शेतात दोघांना तेच काम सहसा दिलंच जात नाही. खुरपणी, भातलावणी, कापूस वेचणी बायकांकडे. नांगरट, फवारणी, ट्रॅक्टर पुरुषांकडे. आणि बायकांची कामं 'हलकी' ठरवून त्यांची मजुरी कमी. दिवसभर वाकून केलेली खुरपणी हलकी कशी, हे ठरवणाऱ्याने एकदा करून बघावी! बरं, यंत्र आलं की तेही बहुतेक पुरुषाच्याच हाती जातं.

ऊसतोडीत तर त्याहून वाईट. बीडकडून येणारी नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता', म्हणजे मजुरीचं एक एकक, धरली जाते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या नावावर, मजुरी टनावर. ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. पण तिचा वाटा वेगळा मोजलाच जात नाही, मग तुलना कशाशी करणार?

सरकारही मागे नाही. अंगणवाड्या १९७५पासून बायकाच चालवतात, त्याही मानधनावर. ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल यावा लागला.