गिझरचा लाइट लागतो पण पाणी गारच राहतं. टेक्निशियन म्हणतो आख्खा गिझर बदला. एलिमेंट (पाणी तापवणारा आतला भाग) गेलंय का हे घरी कसं कळेल?

लगेच नवीन गिझर घेऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये हीटिंगचा लाइट एलिमेंटच्याच दोन टोकांवर जोडलेला असतो, म्हणजे लाइट लागतोय याचा अर्थ थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) आणि कटआउट (जास्त तापलं तर वीज तोडणारा सेफ्टी स्विच) करंट सोडतायत, पुढे एलिमेंटच काही करत नाहीये. लाइटही लागत नसता तर मी आधी कटआउटचं छोटं बटण दाबून बघा म्हटलं असतं. तरी अंदाजाने पार्ट आणण्यापेक्षा मल्टीमीटर लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

बोर्डावरचा गिझरचा एमसीबी पाडा (नुसतं गिझरचं बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असलं तर बटण बंद असतानाही आत फेज येतो), कव्हर काढा, टर्मिनलवर व्होल्टेज शून्य आहे ना ते मीटरने बघा आणि मगच हात घाला. एलिमेंटच्या दोन्ही वायरी काढून दोन टोकांमधला ओहम (रेझिस्टन्स) मोजा. 230 व्होल्टवर चालणारं 2000 वॅटचं एलिमेंट साधारण 26 ओहम दाखवतं, 3000 वॅटचं 17-18, हिशोब सोपा आहे, व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. मीटर हललाच नाही तर आतली कॉइल तुटली, विषय संपला.

आकडा बरोबर आला तरी अजून एक टेस्ट करायचीच, आणि लोक नेमकी हीच सोडतात. एक प्रोब टर्मिनलवर, दुसरा एलिमेंटच्या फ्लँजच्या (एलिमेंट टाकीला बसवणारी धातूची चकती) उघड्या धातूवर. इथे काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर एलिमेंटची नळी फुटून करंट बॉडीत आणि पाण्यात उतरतोय, असा गिझर एक दिवसही वापरू नका. मीटर काही दाखवत नाही पण ईएलसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) सारखा पडतोय असं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मेगर (जास्त व्होल्टेज देऊन लीकेज तपासणारं मीटर) लावून घ्या, बारीक लीकेज साध्या मीटरला सापडत नाही.

बदलायचं असेल तर आधी वायरींचा फोटो काढा. इनलेटचा कॉक बंद, गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे आत हवा जाईल, मग इनलेटचं कनेक्शन सोडून टाकी रिकामी करा. मोठी बादली ठेवा, कारण पाण्याबरोबर पांढऱ्या क्षाराच्या खपल्याही पडतात. जुनं एलिमेंट बाहेर आलं की बघा, त्यावर खडूसारखा जाड थर असतो आणि एखाद्या ठिकाणी नळी तडकलेली दिसते. त्या थरामुळे उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापून फुटते. म्हणून टाकीतला गाळही काढा, नाहीतर नवीन एलिमेंट पुन्हा त्याच क्षारात बसणार. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजून तार उरली असेल तर तोही आत्ताच बदला.

नवीन एलिमेंट त्याच वॅटचं, त्याच फिटिंगचं, आणि गॅस्केट नवीनच. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. आता पाणी सोडा, गरम नळातून फसफस थांबून सलग धार येईपर्यंत एमसीबीला हात लावू नका, कोरडं एलिमेंट काही सेकंदात जळतं. फ्लँजला टिश्यू लावून ओल नाही ना बघा, मग वायरी घट्ट जोडा, अर्थिंगची पण.

मात्र टाकीच्याच जोडातून पाणी झिरपत असेल तर टेक्निशियन बरोबर बोलतोय, तिथे एलिमेंटवर खर्च करू नका.