लंडनला पाच दिवस जातोय. नवऱ्याला सगळं बघायचंय, मला निवांत फिरायचंय. कसं जमवावं?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघंच, टूर कंपनीशिवाय निघालाय आणि मिस्टरांची यादी आत्ताच दोन पानांवर गेलीय, हे तुमचं वाचून हसू आलं. आमच्याकडची यादी एक्सेलमध्ये होती. ३४ ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं. आम्ही २०२३ च्या जूनमध्ये गेलो, तेव्हा मी ५६ वर्षांची आणि उजवा गुडघा कुरकुरणारा.

पहिल्या दिवशी यादीबरहुकूम चाललो. बकिंगहॅम पॅलेससमोरच्या पहारेकऱ्यांच्या बदलीत मला दिसल्या त्या पुढच्यांच्या पाठी, वर धरलेले मोबाईल आणि अधूनमधून एखाद्या केसाळ टोपीचं टोक. तासभर उभं राहून एवढंच. ते खुशाल गाळा. दुपारी नॅशनल गॅलरीत बाकावर बसले ती उठेचना, आणि ह्यांची मिनिटं कोलमडली. संध्याकाळी खोलीवर दोघंही न बोलता चहात बिस्किटं बुडवत बसलो होतो.

रात्री तह झाला. दिवसाला एक ठिकाण त्यांचं, एक माझं, मध्ये लागेल ते लागेल. आणि एक दुपार चक्क वेगवेगळी.

ही वेगळी दुपार तुम्ही जरूर ठेवा, आणि ती साउथ केन्सिंग्टनला ठेवा. तिथे सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत, दोन्हींना प्रवेश फुकट. हे गेले अपोलो १० ह्या अंतराळयानाची कुपी बघायला. मी पलीकडे टिपूचा वाघ बघितला. गोऱ्या शिपायाच्या नरड्याशी भिडलेला लाकडी वाघ, पोटात बाजाची यंत्रणा, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून उचलून नेलेला. मग अंगणात आले. मधोमध उथळ पाण्याचा लंबगोल हौद आहे, त्यात पोरं डुंबत असतात. चपला काढून काठावर बसले, पाय पाण्यात. तासभर कुणी "चल" म्हणालं नाही. चार वाजता हे आले ते कुपीबद्दल बोलतच आले, आणि मीही मन लावून ऐकलं. दिवसभर सोबत असते तर ऐकलं नसतं!

टॉवर ऑफ लंडन त्यांच्या यादीत पहिला होता. तिकीट महाग आहे, पण जा. कोहिनूर तिथे राणी एलिझाबेथच्या आईच्या, १९३७ च्या मुकुटात बसवलाय. मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यामुळे थबकून बघता येत नाही. हे वळसा घालून तीनदा पट्ट्यावर चढले. हिरा मला वाटला त्यापेक्षा लहान निघाला. मूळचा १८६ कॅरेटचा, १८५२ मध्ये पैलू पाडताना १०५ वर आला. तो १८५० मध्ये मुंबई बंदरातूनच बोटीवर चढला होता, हे तिथे उभं असताना आठवलं आणि उगाच चिडचिड झाली.

ब्रिटिश म्युझियम एका दिवसात बघायचा नाद सोडा. मी फक्त अमरावतीची शिल्पं बघेन म्हटलं, तर ह्यांना आपली विदर्भातली वाटली. ही आंध्रातल्या स्तूपाची. काचेआडच्या त्या दालनात आम्ही धरून चार माणसं होती, तर रोझेटा शिळेभोवती कुंभमेळा.

ग्रिनिचला मात्र दोघांनी मिळून अख्खा दिवस द्या. डीएलआर ह्या बिनचालकाच्या गाडीत पुढची सीट पकडा आणि ग्रिनिचच्या आधीच्या आयलंड गार्डन्सला उतरा. तिथून थेम्सच्या पोटातून चालत जायचा १९०२ सालचा बोगदा आहे. पांढऱ्या फरशांचा, थंडगार, दोन्ही टोकांना लिफ्ट. वर नदी वाहतेय आणि आपण खालून चाललोय, ही गंमत फुकट.

पलीकडे टेकडीवर वेधशाळा. चढ आहे, मी दोनदा थांबले. छतावर एक लाल गोळा आहे, तो १२:५५ ला अर्धा वर चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. पूर्वी नदीतल्या जहाजांवरची घड्याळं ह्यावरून लावत. गोळा पडला, सगळ्यांनी "ओऽऽ" केलं, आणि ह्यांची नजर फाटकाबाहेरच्या घड्याळावर गेली. त्यावर २४ तासांची तबकडी, वर शून्य, आणि तासकाटा सरळ खाली. म्हणजे बारा. "इथलंच घड्याळ तासभर मागे!" ह्यांचा आवाज चढला. शेजारच्या आजोबांनी समजावलं, की उन्हाळ्यात सगळा देश घड्याळ तासभर पुढे करतो, पण हे एक घड्याळ बारा महिने ग्रिनिचचीच वेळ दाखवतं. गोळा देशाप्रमाणे, घड्याळ स्वतःप्रमाणे. आमच्या घरात कोण गोळा आणि कोण घड्याळ, ह्यावर उतरताना बराच वाद झाला.

माझ्या वाट्याचं आणखी एक ठिकाण म्हणजे किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. शिकत असताना, १९२१–२२ मध्ये, बाबासाहेब तिथे राहत. ते आता महाराष्ट्र सरकारचं आहे. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं. बाहेरून आजूबाजूच्या घरांसारखंच, म्हणून पाटी बघत जा. जवळच प्रिमरोज हिल आहे, तिथल्या बाकावरून सगळं शहर दिसतं. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे घाई नव्हती.

प्रवासाचं एक सांगते. बँकेचं कार्ड मशीनला टेकवून जाता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, आत जाताना जे टेकवाल तेच बाहेर पडताना टेकवा. ह्यांनी जाताना फोन टेकवला आणि येताना कार्ड. खातं एकच असलं तरी मशीनच्या लेखी ते दोन प्रवासी, आणि दोघांनाही सगळ्यात जास्त भाडं बसलं. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचं. तेव्हा १.७५ पाउंड लागायचे आणि तासाभरात दुसरी बस फुकट. गुडघेवाल्यांनी बसच पकडावी. ट्रॅफल्गर स्क्वेअरहून पिम्लिकोकडे जाणारी २४ नंबर घ्या, वरच्या मजल्यावर पुढे बसा. डाउनिंग स्ट्रीट, बिग बेन, वेस्टमिन्स्टर ॲबे, आमचा पहिला अख्खा दिवस त्या काचेतून पाव तासात झाला.

भेळेची आठवण आलीच तर युस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट आहे. आणि हॉटेल ठरवताना लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. आमच्या बुकिंगमध्ये "आहे" लिहिलं होतं. ती दुसऱ्या मजल्यापर्यंत होती आणि खोली चौथ्यावर.